मुकी पट्टी

मे महिन्यात कोण येतं सोलापुरात?
डोरिन हाइंड्स आल्या. वय सत्तर, गाव बार्बाडोस,
म्हणजे आम्हाला ठाऊक तिथले फक्त वेगवान गोलंदाज.

मिशन शाळेचा पियानो कैक वर्षं बंद,
आत उंदरांचा संसार.
मला बोलावलं, कारण तारांत हात घालणारा
दुसरा कुणी सापडेना:
राजमौळी वंगारी, मिलमधला जॉबर.
मिल गेली, पाना राहिला.

दोन दिवस त्या सूर सांगत, मी पिळत.
हातोड्यांची लोकर झडलेली,
चादरीची किनार कापून चिकटवली.
त्या हसल्या. शाळेच्या बाईंनी मराठी करून सांगितलं:
लंडनला पहिल्या रात्री मॅनेजर म्हणाला,
ढोल कुठाय तुझा?
चाळीस वर्षं झाली,
अजून कुणीतरी विचारतंच.
मी पान्याकडे बघत बसलो.
सकाळी मीच विचारणार होतो.

संध्याकाळी खुर्च्या साठ, माणसं एकोणीस.
वीज गेली, त्या थांबल्या नाहीत.
डावीकडची एक पट्टी मुकीच राहिलेली;
तिच्यावरही बोट तेवढ्याच जोरानं पडायचं,
नुसतं लाकूड वाजायचं. खट्.
कांडी संपली की धोटा
एखादा फेरा रिकामाच जायचा, तसं.

स्टेशनवर शेंगाचटणीची पुडी दिली.
मागाचा ताल कसा, त्यांनी खुणेनं विचारलं.
चहाच्या टेबलावर वाजवून दाखवला.
त्यांनी डावा हात टेकवला, माझ्यात मिसळला.
चहावाला ओरडला,
कप फुटतील की बे!