एका घोड्यामागे किती किलो

साळगावच्या बाप्तिस्त दोतोरांच्या शेडमध्ये
दोन गाड्या ताडपत्रीखाली.
लाल : सोळाशे सीसी, छप्पर उघडणारी, दोनच माणसांची.
करडी : तीन हजार, सहा सिलिंडर एका रांगेत.
दोतोरांचा डावा गुडघा गेला, क्लच दाबवत नाही.
म्हणाले, "पुरसो, कुठलीही ने. किंमत एकच."

एकच का, ते मला कळतं.
मोठ्या इंजिनाला गिऱ्हाईक नाही.
ते पितं फार, आणि त्याचा साधा पंप बिघडला
तरी नवा बोटीनं येतो, तीन महिन्यांनी.

बोट म्हणजे माझी नव्हे.
माझी रायबंदर ते चोडण, पाण्याचा एवढासा तुकडा,
सव्वीस वर्षं. मी खाली, इंजिनपाशी.
वरून मास्टर घंटा मारायचा :
एक टोल, पुढे. दोन टोल, मागे.
नदी मी ऐकली. पाहिली ती सुट्टीच्या दिवशी.

मुलगा मस्कतहून म्हणाला, मोठं घ्या बाबा,
सहा सेकंदांत शंभर.
साळगावच्या या रस्त्यावर सहा सेकंदांत शंभर
म्हणजे सातव्याला वळणावरचा खुरीस.
हे त्याला बोललो नाही.
तुझ्या पैशानं घेत नाही, एवढंच बोललो,
आणि मग रात्रभर ते लागून राहिलं, मलाच.

फंडाच्या पासबुकाच्या मागल्या पानावर हिशेब मांडला.
लाल : एकशे पंधरा घोडे, नऊशे चाळीस किलो,
एका घोड्यामागे आठ आणि थोडं.
करडी : दोनशे तीस घोडे, चौदाशे किलो,
एका घोड्यामागे सहा.
सवयीनं तिसरी ओळही लिहिली गेली :
माझी बोट. अकरा हजार सीसी, एकशे साठ घोडे,
भरलेली साठ टन,
मोटारी, स्कूटरी, पोदेराची सायकल, शाळेची पोरं,
एका घोड्यामागे पावणेचारशे.

बिचारे घोडे.
सव्वीस वर्षं मी त्यांना तेल पाजलं
आणि हा भागाकार कधी केला नाही.

करडी सुरू केली, इंजिनावर पाच रुपयांचं नाणं उभं केलं.
उभंच राहिलं.
लालवर तीनदा पडलं. तिसरा वाल्व टकटकतो.
दोतोर म्हणाले, मला नाही येत ऐकू.
त्यांना छातीतलं ऐकू येतं, मला लोखंडातलं.
गेज लावला : एकशे ऐंशी, एकशे ऐंशी, एकशे साठ, एकशे पंच्याहत्तर.
तिसरा थकलेला, पण मेलेला नाही.

करडी चालवली तर दुसऱ्या गिअरमध्येच गाव संपलं.
तीन हजारांतले दोन हजार झोपलेलेच होते,
त्यांना उठवावं असा रस्ता
मला तरी गोव्यात माहीत नाही.
लाल मात्र पिळावी लागते.
चढावर गिअर उतरवा, आकडा सहा हजारांवर न्या,
तेव्हा कुठे ती चढते, ओरडत.
छोट्या इंजिनात बसून खाणारा कुणी नसतो.

शालन म्हणाली, दोनच माणसांची?
बरं झालं. वन्संना न्यायला नको.

संध्याकाळी लाल घेऊन रायबंदरच्या धक्क्यावर आलो.
खलाशानं ओळखलं, हसला, पुढच्या रांगेत लावून दिली.
इंजिन बंद, हँडब्रेक वर, छप्पर उघडं.
एकशे पंधरा घोडे घेऊन मी बसलेला,
आणि पायाखाली माझे एकशे साठ
दुसऱ्या कुणाच्या हातात.

काचेतून चोडण येत होतं. इतकं हळू येतं हे माहीत नव्हतं.
खारफुटी, एक बगळा, धक्क्यावरचा दिवा
जो मी इतकी वर्षं फक्त ऐकून होतो.
शालन काहीतरी सांगत होती. मी खालचं ऐकत होतो :
नवा पोरगा डिझेल जास्त सोडतो.

दोन टोल पडले.
पोरगा चुकला, क्षणभर उशीर केला.
माझा हात आपोआप गिअरवर गेला
आणि मी गाडी मागे टाकली,
बंद इंजिनात, पुरी मागे.