कठड्याला लाथ

हिमनद्यांच्या वर्गात आम्ही अकरा जण.
बाराव्याचं नाव पटावर आहे, तो मात्र
मासे तळायच्या दुकानात भेटतो,
ओळखीच्यांना मूठभर चिप्स जास्त घालतो.

हेलेदला माझ्या नावातलं शेवटचं अक्षर येत नाही,
मी प्रांजल.
मला तिच्या गावाचं पहिलं.
जीभ टाळूला लाव, बाजूनं वारा सोड, ती सांगते.
मी सोडते. ती पोट धरून हसते.

निकाल लागला त्या संध्याकाळी
(बेचाळीस. काठावर पास.)
ती मला ॲबरिस्टविथच्या समुद्रकाठानं
पार टोकाला घेऊन गेली.
लोखंडी कठडा, पुढे टेकडी, रस्ता संपला.
इथे लाथ मारायची, म्हणाली. सगळेच मारतात.
का?
ते कुणाला नीट माहीत नाही.

तिनं मारली.
मग मी. ठण्ण.
आणि काही कळायच्या आत
वाकून कठड्याला हात लावला, कपाळाशी नेला,
पुस्तकाला लागल्यावर नेतो तसा.

हे काय?
पाय लागला ना.
अगं, लाथ मारलीस तू!

परवा पुन्हा गेलो.
तिनं लाथ मारली, हातमोजा काढला,
वाकली.
केवढं गार आहे गं हे, म्हणाली.