कुत्र्याचं काय झालं

सिनेमा संपला. मी दिवे लावले.
लिंकनशायरमधल्या आमच्या गावाचं सभागृह,
सदतीस खुर्च्या, एकतीस भरलेल्या,
उरलेल्या सहांवर ओले कोट.

पडद्यावर टपाल वाटणाऱ्या एका बाईंनी
सायकलवरून जवळजवळ न उतरताच
खुनी पकडला होता.
विष लिंबाच्या मुरंब्यात होतं,
मेला होता बागकाम मंडळाचा खजिनदार.
शेवटी सगळ्यांनी हिरवळीवर केक खाल्ला.

आमच्याकडेही मग चहा. आणि मतं.

नॉर्मन थ्रूप म्हणाले,
मला दहाव्या मिनिटालाच कळलं होतं.
त्यांना दर महिन्याला दहाव्या मिनिटालाच कळतं,
सांगतात मात्र कबुलीजबाब झाल्यावर.

हिल्डा क्रॅबट्रीला बस खटकली.
एकोणीसशे चोपन्न साल म्हणता,
आणि आपल्या भागात लाल बस?
तिचे वडील कंडक्टर होते,
तिकिटाच्या यंत्राची खूण त्यांच्या खांद्यावर
शेवटपर्यंत होती म्हणे.
खून एक वेळ चालवून घेईन, ती म्हणाली,
पण बस नाही.

लेन डॅगेट अर्धा सिनेमा घोरत होते.
"छान होता," म्हणाले, "शांत."
यात खोटं काही नव्हतं.

थ्रूपांची नात टॅम्सिन, वय सतरा,
फोनवरून मान वर न करता म्हणाली,
त्या गावात राहायचंच कशाला,
दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी मरतंच की.
तिला कुणी उत्तर दिलं नाही.
आमच्या गावातही मरतातच,
फक्त मुरंब्याने नाही.

मग कुणीतरी आयव्हर मॉक्सनना छेडलं,
तीस वर्षं पोलिसात काढलीत,
खरं असं असतं का हो?
त्यांनी बिस्किट चहात बुडवलं,
जरा जास्तच वेळ. तुकडा तुटून तळाशी गेला.
"खऱ्यात," ते म्हणाले,
"आपण पोचतो तेव्हा तो बहुधा
स्वयंपाकघरातच बसलेला असतो.
फोनही त्यानेच केलेला असतो."

केकची ताटली पुन्हा एकदा फिरली.
गरज नव्हती, तरी सगळ्यांनी घेतला.

आणि तेवढ्यात मोरीकडून,
हातातला कप तसाच नळाखाली धरून,
मिसेस ऑक्सबी म्हणाल्या,
"पण कुत्र्याचं काय झालं?"

कुठला कुत्रा?
खजिनदाराचा. तपकिरी. एक कान पडलेला.
खून होतो त्या सकाळी फाटकाशी भुंकतो,
आणि मग नाहीच.

एकतीस माणसं गप्प.
आम्ही चाकू मोजले होते, चाव्या मोजल्या होत्या,
मृत्युपत्रातली खाडाखोड, पाद्र्याचे चिखलाचे बूट.
खजिनदार मेला याचं कुणालाच काही नव्हतं,
मला तर त्याचं नावसुद्धा आठवेना.
पण कुत्रा!
हिल्डा बस विसरली.
थ्रूप म्हणाले, हे मात्र माझ्या लक्षात आलं नाही,
आणि असं ते पहिल्यांदाच म्हणाले.
निर्मात्यांना पत्र लिहायचं ठरलं.
आयव्हर म्हणाले, मजकूर मी करतो.

सगळे गेले. खुर्च्या रचल्या, हीटर बंद केला,
आणि कोट चढवून, एकटाच,
सिनेमा पुन्हा लावला.

शेवटचा प्रसंग. केक. हशा.
बाई सायकलला टेकून काहीतरी चतुर बोलतायत,
आणि त्यांच्या खांद्याच्या मागे, दूर,
धूसर, अंगठ्याच्या नखाएवढं,
बंद दारासमोर काहीतरी तपकिरी.
थांबवलं. पडद्याला नाक लावून पाहिलं.
कान पडलेला.

कुणी त्याला तिथे बसवलं नसणार,
किंवा बसवलं असेल आणि
हाक मारायची राहून गेली असेल.

साडेदहा वाजले होते. तरी फोन केला.
मिसेस ऑक्सबींकडे कुत्रा नाही, कधीच नव्हता.
पहिल्याच घंटीला त्यांनी उचलला.

सापडला, मी म्हणालो. दाराशी आहे. घराच्या.
पलीकडे बराच वेळ काही नाही.
मग त्या म्हणाल्या,
"वाडगं दिसतंय का जवळ?
बघा ना जरा. मी थांबते."