पिशवी बाकी

वडिलांच्या वेळी दुकानाच्या आढ्याला
दोऱ्याची रीळ टांगलेली असायची.
वर न बघता हात जायचा, दोरा खाली यायचा,
पेपरात बांधलेली डाळ पोटाशी धरून
पोरं घरी पळायची.
पानभोसीचा एक म्हातारा तर
उपरण्याच्या चार टोकांना चार जिन्नस बांधून न्यायचा:
मीठ, गूळ, चहापत्ती
आणि चौथ्यात मोड.

गल्ला माझ्या हाती आला, मी रीळ काढली.
त्याच खिळ्याला पिशव्यांचा जुडगा.
अंगठा जिभेला,
मग फुंकर,
पिशवी उघडते.
तीस वर्षांत माझी निम्मी हवा
कंधारभर वाटली गेली असेल.
गाठ मात्र माझी स्वतःची होती.
एक कान दुसऱ्यातून काढून वर छोटा फास,
गिऱ्हाइकाचं बोट जाईल एवढा.
लोक म्हणायचे, पत्तेवार शेठची गाठ सुटत नाही,
फाडावी लागते.
बरं वाटायचं.

गेल्या उन्हाळ्यात केशरबाईची गाय
नालीजवळ बसली ती उठेचना.
डॉक्टर आले. पोट उघडलं.
एक टोपलं भरलं, दुसरं भरलं,
कोपरापर्यंत हात आत
आणि बाहेर येतंय ते ओलं, हिरवट, चघळून दोरी झालेलं.
मी नाकाला रुमाल लावून मागे उभा.
एक पिशवी तशीच्या तशी होती.
वरचा फाससुद्धा.
कुणाच्या लक्षात आलं नाही.
घरी गेलो, जेवलो नाही.
बायकोला सांगितलं, पित्त झालंय.

सटवाजी दोर वळणारा.
आधी अंबाडीचे वळायचा, मग केकताडाचे,
आता मन्याडच्या काठानं, बाभळींवरून
पिशव्या काढत हिंडतो.
धुतो, पट्ट्या कापतो, भिंगरीला लावून
तीन पदरी पीळ देतो.
एका कासऱ्याला दोनशे चाळीस पिशव्या,
मोजलेल्या आहेत त्यानं.
"धर हे टोक, शेटजी. वढ."
भर रस्त्यात आम्ही दोघं ओढत उभे.
मोटारसायकली वळसा घालून गेल्या.
दोर हलला नाही, मीच फरफटलो.
म्हटलं, "लई टिकंल की रे."
"कायचं टिकतंय! दोन उन्हाळे. मंग भुगा.
भुगा कुणी वेचावं?
त्यापरीस तू देऊच नगं."
"मग तुझा माल?"
"माझं काय, म्या सुतळीबी वळतो."

जुन्या साड्यांच्या नव्वद थैल्या
शकिला आपाकडून शिवून घेतल्या.
फुकट नाही, उसन्या.
उधारीच्या वहीत मागं नवं पान पाडलं:
अयोध्या गित्ते, एक, निळी.
इनामदार मास्तर, दोन. एक परत, फाटकी.
टेम्पोवाला दस्तगीर, एक. नांदेडला गेली.
रुक्मिणबाई, तीन. म्हणते दिल्या.
दिल्या नाहीत.

काही गिऱ्हाइकं समोरच्या दुकानात गेली.
तो अजून फुंकतो.
त्याची पिशवी वाऱ्यानं माझ्या पायरीला येते,
मी उचलून सटवाजीच्या गोणीत टाकतो.
कधी त्याच गोणीत माझी जुनी गाठ सापडते,
मातीनं भरलेली.
सोडवत बसतो. सुटत नाही.

गाय वाचली. सटवाजीच्याच दाव्याला असते.
केशरबाई आज थैली घेऊन आली,
धुऊन, घडी घालून.
म्हणाली, "बाकी काट माझी."
वही उघडली, काटली.
तिच्या नावापुढं माझं जे निघतं
ते कुठल्या पानावर मांडावं, सुचेना.
ती थांबली होती.
"हरभऱ्याची डाळ, पावशेर."
माझा अंगठा सवयीनं जिभेपर्यंत गेला,
आणि तिथंच राहिला थोडा वेळ.