दोन बोटं काच

मैनोद्दीननं दाराचं आतलं पॅड उचकटलं
तेव्हा दोन क्लिपा तुटल्या.
"काका, ह्या मिळत्यात," म्हणाला, "घाबरू नका."
दाराच्या पोटात नऊ वर्षांची लाल माती,
एक लिंबाची काडी,
आणि नुसता पत्रा.
एवढ्या पातळ पत्र्यात बसून आपण
दर मंगळवारी उदगीर ते लातूर करायलोत
हे मला तोवर माहीत नव्हतं.

त्यानं बोटाच्या पेरानं वाजवून दाखवलं. टण्ण.
रिकामं पिंप.

एप्रिल होता, हीटगन लागलीच नाही.
काळी चिकट शीट उन्हात ठेवली की
चिक्कीच्या पाकासारखी वळायची.
चंदेरी बाजू वर, रोलर फिरवायचा,
बुडबुडा राहता कामा नये.
राहिला की तिथूनच वाजतं.
तळ, चाकांच्या कमानी, डिकी,
त्यावर फोम, दारांना दुहेरी रबर.
चटईखाली तीन चिंचोके निघाले,
पाचाचं नाणं,
आणि दवाखान्याची चिठ्ठी, नंबर सतरा.
नाणं त्यानं माझ्या हातावर ठेवलं.
चिठ्ठी मीच उचलली.

"पूर्ण गप होत नाही बरं का गाडी.
इंजिनचा गेला की टायरचा येतो,
टायरचा दाबला की वाऱ्याचा.
आवाजाच्या खाली आवाजच बसलेला असतो, काका.
लोक परत येत्यात, म्हणत्यात
डॅशबोर्ड आधी वाजत नव्हता."
अडतीस किलो वजन वाढलं.
अ‍ॅव्हरेज दोनानं पडेल. पडू दे.

मी एकतीस वर्षं डाळमिलमध्ये काढली.
घरी आलो तरी कानात चाळणी हलत राहायची,
आणि महानंदा स्वैपाकघरातून ओरडायची:
मीठ संपलंय, दार लावा, तुमच्या बहिणीचा फोन.
आमची भांडणं गल्लीला पाठ होती,
समोरचे बिरादार तर माझ्या बाजूनं साक्ष द्यायचे.
आता तिच्या गळ्यातून निघते
ती डाळ नाही, चुनी.
डॉक्टर म्हणाले, एवढाच राहिलाय, जपून वापरा.
आणि ती तो वापरायची नेमका
नळेगावच्या अलीकडं, उखडलेल्या पट्ट्यात.
मी म्हणायचो, हं. हं.
आणि तिला कळायचं.

पुढच्या मंगळवारी निघालो.
दार लागलं: थप्प, पिकल्या कलिंगडासारखं.
गाव मागं पडलं. एक ट्रक गेला,
तो मी बघितला, ऐकला नाही.
मग ती बोलली, आणि अख्खं ऐकू आलं:
"गुंडी चुकलीय तुमची. वरून दुसरी."

हातात स्टिअरिंग होतं. राहू दिली तशीच.

मग किती तरी वेळ काहीच नाही,
आणि त्या काहीच नाहीच्या खाली
मैनोद्दीन म्हणाला होता तसं
दुसरं काहीतरी बसलेलं.
ती थुंकी गिळत होती.
एकदा. मग थांबून, तयारी करून, पुन्हा.
मध्ये श्वास अडवल्याचा बारीक आवाज.
सहा आठवडे मी शेजारी बसून
हे सगळं रस्त्याच्या नावावर टाकत आलो होतो.

मी समोरच बघत होतो. तरी तिला कळलं.
गिळणं थांबलं. म्हणजे तिनं थांबवलं.
ओठ मिटून बसली,
पाहुणे आल्यावर बसतात तशी.

नळेगाव आलं. तिनं बटण दाबलं.
काच दोन बोटं खाली.
चौदा हजारांच्या गपपणाला भोक पडून
सगळं आत आलं, झळ, धुरळा,
कुण्या ट्रॅक्टरचं खडखडतं ट्रेलर.
ती काहीतरी बोलली.

"काय?"
मी ओरडलो, मिलमधल्यासारखा.

तिनं मान हलवली. हसली असावी.
काच आणखी थोडी खाली घेतली.