बिनबिलाचं

मागच्या साली नाल्याचं पाणी
वडगावात आमच्या शेडमध्ये गुडघ्याला लागलं,
बारा मागांचे पाय दोन रात्री भिजत राहिले,
तेव्हा कळलं, आमची पॉलिसी फक्त जळायची होती.
भिजायची नव्हती.

विकलेली माझ्याच चुलतदिराने, भरमूने.
त्याला दोष देत नाही. तो कंपनीचा माणूस,
कंपनीने वाढलेलं ताट त्याने माझ्यापुढे सरकवलं.
मीही वाचलं नाही. कोण वाचतं?
मुंगीएवढं इंग्रजी, खाली कानडी,
मराठीला जागा उरली नसावी.

मग कुणी म्हटलं, हुक्केरींकडे जा,
खडेबाजारात, झेरॉक्सच्या वर, लाकडी जिना.
घरी सांगितलं, विम्याचा दलाल आहे.
सासरे ताडकन उठून बसले,
"दलाल? काय विकुलालीस?"

गुरुशांतप्पा हुक्केरींनी आधी चहा सांगितला.
"एजंट कंपनीचा असतोय, मी तुमचा.
पैसे मात्र मलाही कंपनीच देतीय.
आत्ताच ऐकून ठेवा,
नंतर दुसऱ्याकडून कळायला नको."

माग चालू असताना आले, मुद्दाम.
त्या खडखडाटात आम्ही सगळे ओरडून बोलतो,
ते बोललेच नाहीत.
वायरिंग हुंगलं.
मीटरच्या डब्यामागून बोट फिरवून
सुताची लव मला दाखवली.
भिंतीवरची पाण्याची रेघ पट्टीने मोजली, एकोणीस इंच.
दोनदा चुना दिला होता मी,
तरी वर आलेली.

"माल केवढ्याचा?"
हप्ता वाचावा म्हणून म्हटलं, लिहा चार लाख.
"आणि खरा?"
आठ.
"मग चार लाखाचा भिजला, तर हातात दोन येतील.
निम्मं सांगितलं की ते नुकसानही निम्मंच धरतात."
वही माझ्याकडे फिरवली.
आठ मी माझ्या हाताने लिहिले.

तीन कंपन्यांचे कागद आणले,
सर्वांत स्वस्त स्वतःच बाजूला ठेवला.
त्यात पूर होता,
पण पहिले पन्नास हजार आमचे.

पत्त्यावर अडलो.
वीजबिलावर बेळगावी, सासऱ्यांच्या जुन्या उताऱ्यावर बेळगाव.
सासरे म्हणाले, बेळगावच लिहा.
"लिहितो की, काका.
पण क्लेमला कागद जुळले नाहीत
तर मला काय करता येणार नाही."
सासरे बराच वेळ बंद मागाकडे बघत राहिले.
मग म्हणाले, बिलावर आहे तसं.

यंदा अकरा इंच.
सर्व्हेअर आला, हुक्केरी त्याच्या शेजारी उभे.
दोघांचं कानडी भराभर, मला एवढंच कळलं,
नीरु, नीरु.
चेकमधून अठरा हजार चारशे कापलेले.
कुठे कापले ते त्यांनी पेन्सिलीने दाखवलं,
एका ओळीवर भांडून सहा हजार परत आणले,
दुसरीवर म्हणाले, इथं त्यांचं बरोबर आहे.

शहापुरी लुगडं कागदात गुंडाळून ठेवलं त्यांच्यापुढे.
"फुकट नको." पैसे मोजून दिले.
"बिल द्या."
घरच्या घरी कसलं बिल, मी हसले.
त्यांनी चष्मा काढला.
"बिनबिलाची महिन्याला किती जातात?"

हिशेब झाला माझा, मनात.
माग चालू होते.
ऐकू आलं नाही असं दाखवलं.