खालून पाणी

दापोलीच्या कोर्टाबाहेर एक झाड आहे.
त्याच्या फांद्या बाकड्यावर बसलेल्यांच्या मानेपर्यंत येतात
आणि फुलं लाल, बाटल्या धुवायचे ब्रश
कुणीतरी सुकायला उलटे टांगल्यासारखी.
तारीख पडेपर्यंत मी एक काडी मोडली,
नुसतं हाताला काम म्हणून.
काडीला करडी बोंडं चिकटलेली, मण्यांसारखी,
नखाने फुटेनात. पर्समध्ये टाकली, विसरले.

पंधरा दिवसांनी हर्णैच्या एसटीत
सुट्टे काढायला हात घातला
तर बोटांना तपकीर.
बोंडं आपसूक उघडली होती.
वकिलाच्या पावतीच्या घडीत, नाण्यांच्या कडांना
बीच बी.
कंडक्टर म्हणाला, वहिनी, झटकून द्या.

नर्सरीवाले इस्माईल मुकादम म्हणाले,
बियाचं काही खरं नसतं.
आई लवलेली म्हणून पोर लवेल असं नाही,
ताठही निघतं. कलम न्या, दीडशे रुपये.
मी म्हटलं, बी माझ्याकडे फुकट आहे.

बर्फाच्या कारखान्यात मी पावत्या फाडते.
तिथून पापलेटाच्या खोक्याचं थर्माकोलचं झाकण आणलं,
तांबडी माती चहाच्या गाळणीतून गाळली.
हरेश्वर बघत होते, बोलले नाहीत.
संध्याकाळचा चहा मात्र दाताखाली किरकिरला.
बी नुसतं भुरभुरायचं. झाकायचं नाही.
वरून पाणी घातलं तर वाहून जातं,
म्हणून झाकणाला खिळ्याने भोकं पाडून
परातीत ठेवायचं.
माती खालून पिते, तिच्या मर्जीने,
हळूहळू तिचा रंग गडद होत जातो.

अकराव्या दिवशी हिरवं काहीतरी.
शेवाळ की रोप, चष्मा लावूनही कळेना.
बरंचसं शेवाळच निघालं.
सात रोपं उरली. दोन गोगलगायीने नेली,
तीन खाऱ्या वाऱ्याने,
एक मी जास्त माया केली म्हणून.

उरलेलं एक लावलं विहिरीच्या वाटेवर.
ज्या अडीच हातांसाठी तारखा पडतात
त्यांच्या अलीकडे, बरोबर चार बोटं. मोजून.

चार वर्षं ताठ.
काशीराम भावजींसारखं, हरेश्वर म्हणायचे.
तुमच्यासारखं, मी म्हणायचे, मनात.

पाचव्या वर्षी, माघात, शेंडे जड झाले.
वळले.
त्यात समुद्राकडून वारा,
म्हणून सगळंच्या सगळं पलीकडे वळलं,
फुलं त्यांच्या अंगणात.
खोड आमचं, फुलं त्यांची,
हे कुठल्या कलमाखाली येतं
वकिलाला विचारायचं राहिलं.

जाऊ रोज सकाळी लाल तंतू झाडते.
पहिल्यांदा केरसुणी आपटायची,
आता नाही.
काल विहिरीवर, कळशीकडे बघत,
कळशीलाच विचारल्यासारखी म्हणाली,
ह्याचं बी लावतात की कलम?
नऊ वर्षांतलं पहिलं वाक्य.

रहाट अर्ध्यावर थांबला. माझ्याच हातात होता.
बीसुद्धा लागतं, मी म्हटलं, मीही कळशीलाच.
ताठ निघालं तर निघालं.
पाणी तेवढं खालून दे.